थंड डोक्याची

मामांची मारुती आठशे तापत नाही, ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात सर्वमान्य होती. मे महिन्यातली भर दुपार असो, सिंहगड रस्त्यावर एकाच जागी ताटकळायची वेळ येवो, शेजारची एखादी लांबलचक गाडी बॉनेट वर करून वाफ सोडत असो. हिच्या डॅशबोर्डावरचा तापमानाचा काटा आपला ‘सी’च्या जेमतेम वर पडून. मामा तो काटा पाहुण्यांना दाखवत. नव्या गाडीचं कौतुक सांगणारा कुणी भेटला की त्याला शेजारच्या सीटवर बसवून एक चक्कर मारून आणत आणि उतरताना नुसतं काट्याकडे बोट करत. शब्द एक नाही. मामा शाळेत विज्ञान शिकवत होते, प्रयोग दाखवल्यावर बोलायचं नाही ही त्यांची जुनी सवय.

गाडी २००६ सालची, एमएच-१२ पासिंगची, पांढरी. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ३७ अश्वशक्ती, चार गिअर, २८ लिटरची टाकी. तीन सिलिंडरची गाडी उभ्या उभ्या थोडी थरथरतेच, तशी हीही थरथरायची. गिअरच्या मुठीवर हात ठेवला की कोपरापर्यंत कळायचं. डिकी लागायला दोनदा आपटावी लागे. डावीकडची काच खाली करायची तर बाहेरून तळव्याचा आधार द्यावा लागे. पण सकाळी पहिल्या चावीला सुरू, आणि कधी रस्त्यात बसली नाही. मामी म्हणायची, “हिला बोलता येत असतं ना, तरी ही काही बोलली नसती.” मामीचा रोख गाडीपेक्षा सुनांकडे जास्त असे, ते सोडा, पण गाडीबद्दल ते खरं होतं. निमूटपणा हा तिचा खरा स्वभाव.

तिच्या खानदानाबद्दल वेगळं सांगायला नको. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या आठशेची चावी इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची आठशे कारखान्यातून बाहेर पडली. पुण्यासारख्या शहरांत तर तिची विक्री एप्रिल २०१० लाच थांबली होती, कारण तिथे भारत स्टेज चार हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि कंपनीनं आठशेला त्या इयत्तेत बसवायचंच नाही असं ठरवलं. मामांची गाडी त्याच्या अलीकडची, स्टेज तीनची. कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलेली, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं हे ठरवायला एक छोटा संगणक, सायलेन्सरच्या अलीकडे ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला गॅरेजात सगळे कॅटकॉन म्हणतात. दिसायला साधी होती, पण आतून शिकलेली होती.

स्टेज चारच्या अलीकडच्या गाडीला दर सहा महिन्यांनी पीयूसी, म्हणजे प्रदूषण चाचणीचं प्रमाणपत्र, लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११५ वा नियम तसं सांगतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पीयूसी नसल्याचा दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे जुन्या आठशेच्या किमतीचा चांगलाच लचका. मामा या बाबतीत काटेकोर. घराजवळच्या पेट्रोल पंपाशेजारी एक हिरव्या पाटीची व्हॅन उभी असायची, तिथे तारीख संपायच्या आत जायचं, गाडी लावायची, मागच्या नंबरप्लेटचा फोटो निघायचा, नळी सायलेन्सरच्या तोंडाला दाखवल्यासारखी केली जायची आणि कागद हातात. नळीचं पुढे काय होतं हे मामांनी कधी वाकून पाहिलं नाही. विज्ञानाच्या मास्तरांनी एवढा एक प्रयोग मात्र डोळे झाकून मान्य केला होता. यंदा ती व्हॅन तिथून हलली, आणि आठशेला दुसऱ्या एका सेंटरवर जावं लागलं.

तिथला पोरगा नवा होता आणि नव्या माणसाला असते तशी त्याला कामाची हौस होती. त्यानं पोलादी नळी सायलेन्सरमध्ये वीतभर तरी आत सारली, क्लिप लावली, इंजिन आयडलिंगला ठेवायला सांगितलं आणि पडद्याकडे बघत उभा राहिला. पडद्यावर आकडे चढायला लागले. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड: ०.८, १.६, २.५, आणि २.९४ वर जाऊन थांबला. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, ते ४१० पीपीएम. कार्बन डायऑक्साइड १२ टक्क्यांच्या आसपास, ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्याही खाली. पोरानं नळी काढून पुसली, परत घातली. परत तेच.

“काका, फेल आहे. सीओ अर्ध्या टक्क्याच्या आत पाहिजे.”

मामांनी आयुष्यात शेकडो मुलांना हे वाक्य ऐकवलं असेल. स्वतः ऐकायची ही पहिलीच वेळ.

त्या चार आकड्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण ही गाडी जे कधी बोलली नाही ते तिथे सगळं लिहिलेलं होतं. स्टेज दोन आणि तीनच्या पेट्रोल गाडीला मर्यादा सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम अशी. म्हणजे एचसीत ही आरामात पास होती. इंजिन मिसिंग करत असतं, एखादा प्लग ठिणगी देत नसता, तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता तसंच बाहेर पडलं असतं आणि एचसी हजारांत गेला असता, सोबत न वापरलेला ऑक्सिजनही वाढला असता. तसं नव्हतं. पेट्रोल पेटत होतं, पण पुरतं जळायला हवा कमी पडत होती. कार्बनला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले तर डायऑक्साइड होतो, एकच मिळाला तर मोनॉक्साइड. सीओ चढलेला आणि ऑक्सिजन तळाला गेलेला, याचा गॅरेजातल्या भाषेत अर्थ एकच: गाडी रिच चालतेय. जास्त पितेय. गंमत अशी, की हीच आठशे स्टेज दोनच्या आधीची असती तर तिला ३ टक्के सीओ माफ होता. २.९४ ला काठावर का होईना, पास झाली असती.

“धूर कुठाय पण?” मामांचा सवाल. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल सायलेन्सरपुढे धरला. रुमाल तसाच्या तसा पांढरा. या परीक्षेला आपल्याकडे फार मान आहे, आणि ती फार फसवी आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून तर बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसू नये. काळा धूर दिसायला गाडी याहून कितीतरी जास्त प्यायलेली असावी लागते. मी सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून फिरवलं. बोटावर काजळी आली, कोरडी, मऊ, काळीभोर. तेल जळत असतं तर ती चिकट, ओशट लागली असती. पुराव्याला एवढं बोटही पुरलं असतं, पण सरकारला बोटाचा निकाल चालत नाही.

मग सल्ले आले. टाकीत एक बाटली क्लीनर ओता. आधी एक्स्प्रेसवेवर दामटून आणा आणि गरम गरम लावा. सायलेन्सरचा जोड थोडा ढिला करा, बाहेरची हवा आत येते आणि आकडा पातळ होतो. या शेवटच्या सल्ल्यामागे चांगलं डोकं आहे हे मान्य करायला हवं, फक्त ऑक्सिजनचा आकडा लगेच चुगली करतो. कुणी म्हणालं, थोडे पैसे जास्त द्या, नळी बाहेरच राहील. मामा तसे भाबडे असले, तरी हे त्यांना चालणारं नव्हतं.

त्यांच्या नेहमीच्या जुन्या मेकॅनिकनं एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले. निघालेल्या प्लगांची टोकं काजळीनं मखमली झाली होती. पण आकडा जिथल्या तिथे. त्या भल्या माणसाची सारी हयात कार्बोरेटरवर गेलेली. तेव्हा पीयूसीच्या आधी मिक्श्चरचा स्क्रू पाव फेरा आत फिरवायचा, कागद घ्यायचा आणि घरी येऊन पाव फेरा बाहेर काढायचा, की पिकप परत. निम्म्या पुण्याची हवा कागदोपत्री अशीच स्वच्छ राहिली. एमपीएफआयला तो स्क्रूच नाही. शिवाय कार्बोरेटरचा फिल्टर तुंबला की गाडी रिच होते, पण ही गाडी आत किती हवा आली याचा अंदाज घेऊन तेवढंच पेट्रोल सोडते. फिल्टर मळला तर दम कमी होतो, प्रमाण फारसं बिघडत नाही. तो बिचारा बॉनेटखाली हात घालून जी जागा चाचपत होता, ती या गाडीत नव्हतीच.

शेवटी पर्वतीच्या पायथ्याशी, पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गाडी गेली. त्यांचा थोरला भाऊ मामांचा विद्यार्थी, त्यामुळे ते मामांना सर म्हणत, आणि सर आल्यावर तोंडातला तंबाखू थुंकून यायचे. गाडी सुरू करून त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आत बसले, डॅशबोर्डाकडे पाहिलं.

“सर, हा काटा नेहमी इथंच असतो?”

“कायम!” मामांचा चेहरा उजळला. “घाटातसुद्धा.”

मिस्त्री “हं” म्हणाले. डॉक्टर म्हणतात तसलं ते हं होतं. गाडी बंद करून त्यांनी ती चांगली गार होऊ दिली. मग बॉनेट उघडून पुन्हा सुरू केली आणि इंजिनातून रेडिएटरला जाणारा वरचा जाड होज पाइप मुठीत धरून उभे राहिले. धडधाकट गाडीत हा पाइप सुरुवातीला गारच राहतो. इंजिनातलं पाणी आतल्या आत फिरत तापतं, ऐंशी-ब्याऐंशी अंशांना थर्मोस्टॅट उघडतो, आणि मग एकदम गरम पाणी पाइपात येतं, इतकं की हात आपोआप सुटतो. मिस्त्रींनी माझा हात धरून पाइपावर ठेवला. पाइप पहिल्यापासूनच कोमट होत चालला होता, सावकाश, सारखा. हात सोडायची वेळच आली नाही. स्कॅनर लावला तर पाण्याचं तापमान ५७ अंश. रस्त्यावर चांगली चक्कर मारून आणली तरी साठीच्या पलीकडे जाईना.

दोन बोल्ट काढून त्यांनी थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं. आत गंजाचं तांबूस पाणी आणि कडेला जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे. जिथे पितळी व्हॉल्व्ह बसलेला असायला हवा, ती खाच रिकामी.

“सर, हा कुणी काढला?”

मामांना लगेच आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी तापली होती. आयुष्यात एकदाच. घाट उतरल्यावर रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्यानं काहीतरी काढून बाजूला टाकलं आणि सांगितलं, “काका, आता ही जन्मात गरम व्हायची नाही.” माणूस शब्दाचा पक्का निघाला.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा जुना, मायेनं केला जाणारा उपाय आहे. आपला देश गरम, गाड्या तापतात, मग पाणी अडवून धरणारी ही वस्तू हवी कशाला, असा हिशेब. जुन्या ट्रकला, जीपला तो काही अंशी चालूनही जात असेल. पण शिकलेल्या गाडीला तो बाधतो. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, निम्मं मॅनिफोल्डच्या भिंतींनाच चिकटून बसतं, म्हणून सकाळच्या वेळी संगणक मुद्दाम जादा पेट्रोल सोडतो. इंजिन तापलं की हात आखडता घेतो आणि मग ऑक्सिजन सेन्सरचं ऐकायला लागतो. आता इंजिन तापलं की नाही हे त्याला कळणार कशावरून? पाण्यात बुडालेला एक छोटा सेन्सर सांगेल त्यावरून. आणि तो सेन्सर खोटं बोलतच नव्हता. पाणी खरंच गार होतं.

म्हणजे इतकी वर्षं पुण्याच्या उन्हात, मुंबईच्या घामात, कोकणातल्या लग्नांना जाता-येता ही गाडी आपल्या मनानं महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटेलाच उभी होती. पंगतीत ‘नको, नको’ म्हणणाऱ्याच्या पानात यजमानानं जिलब्या टाकतच राहावं तसा संगणक सिलिंडरांना पेट्रोल वाढत राहिला. स्वतःच्या समजुतीप्रमाणे तो अगदी बरोबर वागत होता. डॅशबोर्डावर धोक्याचा पिवळा दिवा होता, पण तो एखाद्या सेन्सरची तार तुटली तर लागणारा. पाणी गार आहे ही त्याच्या लेखी तक्रार नव्हे. पेट्रोल जास्त जाळून झालेली काजळी प्लगवर बसली, ऑक्सिजन सेन्सरवर बसली. तो सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत पहिल्यांदा बसला. ऑक्सिजन कमी दिसला की सुमारे ०.९ व्होल्ट आणि जास्त दिसला की ०.१, एवढीच त्याची बाराखडी, पण त्याच्या जोरावर हवा आणि पेट्रोल १४.७ ला १ अशा प्रमाणात राहतात. त्याला बोलायला सुमारे तीनशे अंशांची धग लागते. इथे एकतर त्याच्यावर काजळीचा थर, आणि वर त्याचं ऐकायचीच कुणाची तयारी नाही.

राहता राहिला कॅटकॉन. त्याला सगळे दोष द्यायला टपलेले असतात, कारण तो महाग. आत मातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा मुलामा. मोनॉक्साइडचा डायऑक्साइड करणं त्याचं काम, पण त्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याला त्याच धुरातून मिळायला हवा. रिच गाडीच्या धुरात तो नसतोच. म्हणून कॅटकॉन कितीही चांगला असला तरी अशा गाडीचा सीओ खाली येत नाही. नवा टाकला असता तर पैसे गेले असते आणि काही दिवसांनी तोही काजळला असता.

मामांना हे सगळं एका मिनिटात समजलं. शाळेत शिकवत होतेच ते. त्यांना समजायला वेळ लागला तो काट्याबद्दल. ते बराच वेळ त्या रिकाम्या खाचेकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे ही थंड डोक्याची नव्हतीच. गारठलेली होती.”

नाना पेठेतून नवा थर्मोस्टॅट आणला. दुकानदारानं विचारलं, “ओरिजिनल देऊ की लोकल?” मामांनी ओरिजिनल घेतला आणि लोकलची किंमत विचारून त्याला वाईट वाटायला लावलं. वस्तू हातात मावेल एवढी. मधोमध पितळी डबी, तिच्यात मेण. मेण वितळलं की फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग ती मिटवते. ना वीज, ना तार. बसवायच्या आधी मामांनी तो घरी नेला, शाळेतून निवृत्त होताना सोबत आलेला ११० अंशांचा थर्मामीटर काढला आणि थर्मोस्टॅट दोऱ्यानं बांधून दुधाच्या पातेल्यात सोडला, तळाला टेकणार नाही असा. गॅस बारीक. सत्तरला काही नाही. ऐंशीला काही नाही. ब्याऐंशीच्या जरा पुढे कडेला केसाएवढी काळी रेघ दिसली, मग ती रुंदावत गेली आणि नव्वदीत झडप चांगली करंगळीएवढी वर आली. मामांनी दोरा धरून ती बाहेर काढली, तशी ती हळूहळू मिटली. पुन्हा सोडली. पुन्हा उघडली. समोर वर्ग नव्हता, मी आणि मामी दोघंच होतो, तरी त्यांनी ‘बघितलंत?’ असं विचारलंच.

“बघितलं,” मामी म्हणाली. “आता ते पातेलं गॅरेजात ठेवा.”

थर्मोस्टॅट बसला, हवा काढून पाणी भरलं, गाडी सुरू झाली. काटा हलला. ‘सी’ सोडून वर निघाला, पाव झाला, अर्ध्यावर आला. कित्येक वर्षांनी हीटरमधून खरी गरम हवा आली. स्कॅनरवर ८४, मग ८८. आयडलिंगचा आवाजही बदलला, थोडा उतरला, शांत झाला. मिस्त्री खूश. मामा मात्र स्टिअरिंग घट्ट धरून काट्याकडे बघत होते, आणि त्यांचं बघणं बरोबर होतं. काटा अर्ध्यावर थांबेना. अर्ध्याच्या वर गेला. स्कॅनर शंभरीच्या पुढे गेला तसं मिस्त्रींनी ओरडून गाडी बंद करायला लावली.

रेडिएटरचा फॅन फिरलाच नव्हता. बॅटरीवरून सरळ वायर देऊन पाहिली. मोटर नुसती गुणगुणली, पातं जागचं हललं नाही. जाम. खंबाटकीत गाडी तापली होती ती यामुळेच. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा नसताना, रेडिएटर गार ठेवायचं काम फॅनचं, आणि तो तेव्हाच मेला होता. व्हॉल्व्ह काढल्यावर पाणी फॅन लागण्याइतकं कधी तापलंच नाही, म्हणून तो चालतोय की नाही हे विचारायची पाळीच कुणावर आली नाही. रोग जिवंत ठेवून ताप तेवढा लपवला गेला होता. रेडिएटर काढून पाहिला तर बोअरच्या पाण्यानं निम्म्या नळ्यांत चुन्याचे थर. मामा कूलंट घालत नसत. पाण्याला पैसे कशाला, असा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रश्न विचारायला ते कधी कचरले नाहीत.

पुढचं काम रटाळ, म्हणून थोडक्यात. फॅनची मोटर नवी. रेडिएटरचं रॉडिंग. साध्या पाण्याऐवजी कूलंट. डिपस्टिक नाकाशी धरली तर तेलाला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. जादा पेट्रोल पिस्टनच्या कडेनं खाली झिरपून तेल पातळ करतं. एवढ्यावर सीओ ०.९ पर्यंत खाली आला आणि तिथे अडून बसला. तेव्हा ऑक्सिजन सेन्सर खोलला. त्याचं टोक घासणीनं घासलेल्या तव्याइतकंही पांढरं नव्हतं, असं मिस्त्रींचं म्हणणं. नवा सेन्सर बसल्यावर स्कॅनरवरचा त्याचा व्होल्टेज वर-खाली, वर-खाली नाचायला लागला. ही नाचरी रेघ दिसली की गाडी सेन्सरचं ऐकतेय असं समजायचं. कॅटकॉनला कुणी हात लावला नाही.

सेंटरवर पोरगा तोच होता. गाडी आधी सासवड रस्त्यानं फिरवून चांगली तापवून नेली होती, जे नियमाला धरूनच आहे. परीक्षा गरम इंजिनाचीच घ्यायची असते. नळी परत वीतभर आत. सीओ ०.१८. एचसी ९६. पोरानं काही न बोलता प्रिंट काढली. मामांनी कागद हातात घेऊन आकडे मोठ्यानं वाचले, रांगेतल्या मागच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जातील असे, आणि घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. गाडीच्या कप्प्यात नाही.

तिचा स्वभाव मात्र पार बदलला आहे. शहरात लिटरला बाराच्या वर न जाणारी आता सोळाच्या पुढे जाते. पिकप आलाय. निमूटपणा गेला. सिग्नलला जरा जास्त वेळ थांबलं की तिचा फॅन भर्रकन सुरू होतो, बॉनेटखालून गरम वारा बाहेर पडतो, आणि काटा अर्ध्याच्या खाली आला की आपोआप बंद. परवा स्वारगेटला असाच फॅन लागला तेव्हा शेजारच्या स्कूटरवरचा तरुण काचेवर टकटक करून म्हणाला, “आजोबा, गाडी तापलीये तुमची.” मामांनी काच खाली करायला घेतली, ती नेहमीप्रमाणे अडकली, त्याला बाहेरून तळव्यानं जरा दाबायला सांगितलं आणि काच खाली आल्यावर त्याला मेणाची डबी, दांडी, स्प्रिंग असं सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ब्याऐंशी अंशांपर्यंत आले तोवर सिग्नल हिरवा झाला होता आणि मागे कात्रजची बस हॉर्नवरचा हात काढत नव्हती.